सरकारी यंत्रणा कंपनीकडे तुमची माहिती मागते तेव्हा: कागद कसा वाचायचा आणि आपण काय करायचं

कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं कुटुंब महाद्वार रोडजवळच्या यात्री निवासात आधारची झेरॉक्स देतं. गुजरीत मोठ्या रकमेचं सोनं घेतलं की सराफ पॅन मागतो. राजारामपुरीत सिम घेताना दुकानदार चेहऱ्याचा फोटो काढतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय, नकाशे सगळं सुरू झालेलं असतं. यातली प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या कंपनीकडे किंवा व्यावसायिकाकडे साठते. गरज पडली की सरकारी यंत्रणा ती मागू शकते.

याबद्दल दोन मतं कायम ऐकू येतात. एक, पोलिसांनी मनात आणलं तर त्यांना सगळं दिसतं. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवर आहे म्हणजे कुणाला काही कळत नाही. या दोन्ही समजुतींमुळे माणूस नको तिथे घाबरतो आणि नको तिथे बिनधास्त राहतो. माहिती हलते ती लेखी मागणीवर. त्या कागदावर कलम कोणतं आहे, सही कुणाची आहे आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची माहिती मागितली आहे, यावर बाकी सगळं अवलंबून असतं. म्हणून आधी तो कागद वाचायला शिकू. ग्राहकांना हे उपयोगी आहेच, पण ज्यांच्याकडे दुसऱ्यांची माहिती जमा असते त्या लॉजमालकांना, दवाखान्यांना, ब्रॉडबँड चालकांना आणि ऑनलाइन चप्पल विकणाऱ्या दुकानांनाही त्याची तितकीच गरज आहे.

पायरी १: कोणती माहिती, ते आधी वेगळं करा

‘डेटा’ म्हणून सगळं एकाच पोत्यात भरलं की गोंधळ होतो. कायद्याच्या आणि तपासाच्या दृष्टीने याचे निरनिराळे थर आहेत.

सगळ्यात वरचा थर ग्राहकाच्या ओळखीचा: नाव, पत्ता, सिमच्या अर्जाची प्रत, खातं उघडल्याची तारीख, ईमेल. हा सर्वांत सहज मिळतो.

त्याखाली व्यवहाराच्या नोंदी. मोबाइल कंपनीकडचा सीडीआर, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड, हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला प्रकार. सीडीआरमध्ये बोलणं नसतं. कोणत्या नंबरावरून कोणत्या नंबराला, किती वाजता, किती सेकंद, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) कोणता आणि फोन कोणत्या टॉवरवर होता, एवढंच त्यात असतं. पण ‘एवढंच’ म्हणून त्याला हलकं समजू नका. कळंब्याला राहून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचा महिन्याभराचा सीडीआर समोर ठेवला, तर तो कधी झोपतो, सुट्टीच्या दिवशी कुणाच्या गावी जातो, कोणत्या दवाखान्याला वारंवार फोन करतो, हे एकही शब्द न ऐकता कळतं. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलल्या आणि या नोंदी किमान दोन वर्षं जपणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्याआधी ही मुदत एक वर्षाची होती. इंटरनेटच्या अशाच नोंदीला आयपीडीआर म्हणतात.

तिसरा थर मजकुराचा: ईमेलमधला मजकूर, फोटो, क्लाउडवरचा बॅकअप, चालू फोनवरचं संभाषण. इथे अटी सगळ्यांत कडक असतात, निदान असायला हव्यात.

पैशांचा थर वेगळा, त्याबद्दल पुढे स्वतंत्र बोलू.

पायरी २: कागदावरचं कलम आणि सही वाचा

रोजच्या तपासात सर्वाधिक वापरलं जाणारं कलम म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ करत होतं. तपासासाठी एखादा दस्तऐवज किंवा वस्तू आवश्यक वाटली तर न्यायालय समन्स काढू शकतं, किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. नव्या कलमात इलेक्ट्रॉनिक संदेश आणि डिजिटल पुरावा असू शकणारी उपकरणं यांचा स्पष्ट उल्लेख आला आहे. म्हणजे शाहूपुरी किंवा जुना राजवाडा ठाण्याचा प्रभारी निरीक्षक स्वतःच्या सहीने एखाद्या कंपनीला पत्र पाठवू शकतो. त्यासाठी न्यायाधीशांकडून वॉरंट लागतं ही समजूत चुकीची आहे.

इथे मला एक विसंगती फार खटकते. टपाल खात्याच्या ताब्यातलं पत्र हवं असेल तर त्याच संहितेच्या कलम ९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. भारतीय कंपनीच्या सर्व्हरवर साठलेल्या ईमेलसाठी असं वेगळं कवच कलम ९४ मध्ये लिहिलेलं नाही. आज लिफाफ्यातलं पत्र क्वचितच कुणी पाठवतं आणि सगळं आयुष्य ईमेलवर आहे, तरी संरक्षण जास्त आहे ते लिफाफ्याला.

सीडीआरसाठी मात्र ठाण्याची सही पुरत नाही. २०१३ साली दिल्लीत एका बड्या राजकीय नेत्याचा सीडीआर परस्पर काढल्याचं उघड झालं. त्यानंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने असं ठरवून दिलं की सीडीआरची मागणी पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच जावी आणि मिळवलेल्या सीडीआरचं मासिक विवरण जिल्हा दंडाधिकाऱ्यांना द्यावं. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे इथे ही वाट पोलीस अधीक्षक कार्यालयातून जाते. नियम झाला तरी चोरवाटा संपल्या नाहीत. २०१८ साली ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर मिळवून विकणारी खासगी गुप्तहेरांची साखळी पकडली होती. ‘ओळखीने सीडीआर काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर तो गुन्हा आहे. बायकोचा असो, जावयाचा असो वा भागीदाराचा, त्या वाटेला जाऊ नका.

चालू संभाषण ऐकणं हा पूर्ण वेगळा प्रकार. फोनसाठी पूर्वी १८८५ चा तार कायदा आणि नियम ४१९अ होता. आता दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे डिसेंबर २०२४ चे नियम आहेत. संगणक आणि इंटरनेटवरच्या माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आणि २००९ चे नियम. दोन्हीकडे आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लागतो. आणीबाणीच्या प्रसंगी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना मर्यादित अधिकार आहेत, पण तोही आदेश पुढे गृहसचिवांकडून कायम व्हावा लागतो. एक आदेश ६० दिवस चालतो आणि मुदत वाढवत नेली तरी १८० दिवसांच्या पुढे जात नाही. आदेश तपासायला एक पुनर्विलोकन समिती असते, तिने दोन महिन्यांतून किमान एकदा बसायचं असतं. ती समितीही सरकारी सचिवांचीच. न्यायाधीश या वाटेवर कुठेच भेटत नाही. केंद्र सरकार फोन ऐकण्याचे महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश काढतं, अशी माहिती २०१३ च्या सुमारास माहितीच्या अधिकारात बाहेर आली होती. तीनेक सचिवांच्या समितीने इतके आदेश एकेक करून किती काळजीपूर्वक पाहिले असतील, याचा हिशोब वाचकाने स्वतः करावा.

समाजमाध्यमं आणि इतर मध्यस्थांना, म्हणजे दुसऱ्यांची माहिती साठवणाऱ्या किंवा पोहोचवणाऱ्या सेवांना, २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियमही लागू आहेत. अधिकृत यंत्रणेचा लेखी आदेश आला आणि त्यात हेतू स्पष्ट असला, तर ७२ तासांच्या आत माहिती द्यायची. तुम्ही खातं बंद केलंत तरी नोंदणीची माहिती १८० दिवस जपून ठेवायची. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाने तपास यंत्रणांसाठी चोवीस तास उपलब्ध असणारा माणूस भारतात नेमायचा. व्हीपीएन (इंटरनेटवर आपला ठिकाणा झाकणारी सेवा) घेतलं की सुटलो असं मानणाऱ्यांसाठी: केंद्राची सायबर सुरक्षा यंत्रणा सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे. ते नको म्हणून काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हरच भारतातून हलवले.

आधारचं थोडक्यात: बोटांचे ठसे आणि बुबुळाची नोंद तपासासाठी दिली जात नाही. ओळखीची माहिती उघड करायला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा आदेश लागतो. राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद वेगळा. पण लॉजच्या काउंटरवरची तुमची झेरॉक्स हे आधारचं भांडार नव्हे. तिला ते संरक्षण लागू होत नाही. शक्य तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

पायरी ३: परदेशी कंपनी काय देऊ शकते, ते नीट समजून घ्या

गूगल, मेटा, अ‍ॅपल या अमेरिकी कंपन्या. ग्राहकाची ओळख, लॉगिनची वेळ, आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) अशी माहिती त्या भारतीय पोलिसांच्या योग्य मागणीवर तपासून देतात. मजकुरासाठी मात्र अमेरिकी कायद्याप्रमाणे तिथल्या न्यायालयाचं वॉरंट लागतं, म्हणून मागणी परस्पर कायदेशीर सहाय्य कराराच्या वाटेने जाते. भारत-अमेरिका करार २००१ चा आहे आणि अशी विनंती केंद्रीय गृह मंत्रालयामार्फतच पुढे जाते. ही वाट लांबची आहे. जिवाला धोका असेल, म्हणजे अपहरण किंवा आत्महत्येची धमकी, तर या कंपन्यांकडे तातडीची वेगळी व्यवस्था असते.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश एप्रिल २०१६ पासून दोन टोकांमध्ये कूटबद्ध असतात, त्यामुळे संदेशाचा मजकूर कंपनीलाच वाचता येत नाही. तरी खातं कधी सुरू झालं, शेवटचं कधी वापरलं, आयपी पत्ता, प्रोफाइल फोटो, गटांची माहिती हे तिच्याकडे असतं. सिग्नलला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने माहिती मागितली तेव्हा त्यांच्याकडे द्यायला खातं उघडल्याची आणि शेवटच्या जोडणीची वेळ एवढंच होतं. जे साठवलंच नाही ते मागून मिळत नाही. टेलिग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये धोरण बदललं आणि वैध मागणीवर आयपी पत्ता आणि फोन नंबर देण्याची तयारी जाहीर केली. टेलिग्रामला अजून ‘सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण खरा धोका बहुतेक वेळा कंपनीकडून नसतोच. हातकणंगले पोलीस ठाण्यात एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गुन्हा नोंदला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा नागरिकाचा हक्क अधोरेखित केला. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरूनच शहर पेटलं आणि इंटरनेट बंद करावं लागलं. स्टेटस म्हणजे आपल्या यादीतल्या शेकडो माणसांना स्वतःहून दाखवलेली गोष्ट. ती बाहेर जायला एक स्क्रीनशॉट पुरतो. तिथे कुठल्या कंपनीला पत्र पाठवायची गरजच पडत नाही. कूटलेखन वाटेतल्या संदेशाला झाकतं, गटातल्या माणसाच्या फोनवर पोहोचलेल्या संदेशाला नाही.

पायरी ४: पैशांची माहिती न मागताही जाते

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. बँका, पतसंस्था, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड यांच्याकडून सरकारला काही माहिती ठरलेल्या वेळापत्रकाने आपोआप जाते, त्यासाठी गुन्हा नोंदलेला असण्याची गरज नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ नुसार १० लाख रुपयांवरच्या रोख व्यवहारांचा अहवाल वित्तीय गुप्तवार्ता विभागाला जातो. महिन्याभरात तुकड्यातुकड्याने भरलेली एकमेकांशी जोडलेली रोखही त्यात धरतात, त्यामुळे गूळ सौद्याची रक्कम चार दिवसांत विभागून भरल्याने काही साधत नाही. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वेगळा असतो आणि तो पाठवल्याचं ग्राहकाला सांगायला बँकेला मनाई आहे. शाखाधिकाऱ्यावर चिडून उपयोग नाही.

आयकर विभागाकडे गेलेली माहिती मात्र तुम्हाला पाहता येते, आणि ही सोय फार कमी लोक वापरतात. आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन करून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडा. कुठल्या बँकेने किती व्याज कळवलं, शेअर्स, जमिनीचा व्यवहार, मोठा रोख भरणा, सगळं कळवणाऱ्याच्या नावासकट दिसतं. कंपन्यांनी तुमच्याबद्दल सरकारला काय सांगितलं हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठेच दिसत नाही. चूक असेल तर तिथेच त्या नोंदीवर अभिप्राय द्या. तुमचं पॅन वापरून दुसऱ्याने व्यवहार केला असेल तर तोही इथेच सापडतो.

इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्यांपासून कोल्हापुरातल्या वडापाव विक्रेत्यांपर्यंत अनेकांना गाठणारा एक त्रास: कुठल्या तरी अनोळखी माणसाने यूपीआयने पैसे दिले, ते पैसे दुसऱ्या राज्यातल्या फसवणुकीचे निघाले, सायबर फसवणुकीच्या १९३० क्रमांकावरच्या तक्रारीतून साखळी आपल्या खात्यापर्यंत आली आणि रक्कम गोठली. अशा वेळी बँकेकडे लेखी मागा: तक्रारीचा पोचक्रमांक, कोणत्या राज्यातल्या कोणत्या ठाण्याची मागणी आहे, आणि नेमकी किती रक्कम गोठवली आहे. वादातली रक्कम २,००० रुपये असताना पूर्ण खातं बंद ठेवलं असेल तर फक्त तेवढीच रक्कम अडवून ठेवा, असा अर्ज त्या ठाण्याला ईमेलने आणि त्याची प्रत बँकेला द्या. सोबत बिल, मालाची पावती, ग्राहकाशी झालेला संवाद जोडा. आणि तुमचीच फसवणूक झाली असेल तर तासाभराचाही उशीर न करता १९३० लावा. माहितीची हीच देवाणघेवाण मग तुमचे पैसे अडवून धरते.

पायरी ५: गरज पडण्याआधी करायच्या गोष्टी

संचार साथी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहा. न ओळखीचा नंबर दिसला तर तिथेच ‘माझा नाही’ म्हणून कळवा. त्या नंबरावरून गुन्हा झाला तर ओळखीची पहिली मागणी तुमच्या नावावर येऊन थांबेल. आधारच्या संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास असतो, तोही पाहा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये खात्याच्या माहितीचा अहवाल मागवता येतो. कंपनीकडे मजकुराशिवाय काय काय आहे ते त्यातून कळतं. तिथेच चॅट बॅकअपमध्ये जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप सुरू करा. ही सोय ऑक्टोबर २०२१ पासून आहे, पण ती आपण स्वतः चालू करावी लागते. केली नाही तर क्लाउडवरच्या बॅकअपला ते कुलूप नसतं. पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा, कारण तो हरवला तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. गूगल खात्यात वेब आणि अ‍ॅपवरच्या हालचाली तीन महिन्यांनी आपोआप पुसायचा पर्याय निवडा. आयफोन असेल तर आयक्लाउडचं प्रगत संरक्षण चालू करा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. हे सगळं शांत काळात करायचं असतं. नोटीस आल्यावर किंवा तपास सुरू झाल्याचं कळल्यावर चॅट पुसणं, फोन रिसेट करणं हे पुरावा नष्ट करणं ठरू शकतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली तो गुन्हा आहे. निर्दोष माणसंही घाबरून हे करतात आणि मग खरोखर अडकतात.

पायरी ६: कंपनीला विचारा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्याचं कलम ११ तुम्हाला हक्क देतं: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचं काय करता आणि ती कुणाकुणाला दिली, हे विचारण्याचा. नियमांनंतर अठरा महिन्यांनी हा भाग लागू व्हायचा आहे. पण त्याच कलमात एक मोठी पळवाट आहे. गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास किंवा खटल्यासाठी कायद्याने अधिकार असलेल्याने लेखी मागणी करून माहिती घेतली असेल, तर ते तुम्हाला सांगण्याचं बंधन कंपनीवर नाही. तपास चालू असताना गुप्तता समजू शकते. पण तपास संपल्यावर, निर्दोष ठरल्यावरही कधीच सांगायचं नाही, हे मला मान्य नाही.

तरीही विचारा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला साध्या शब्दांत लिहा: ‘माझ्या या खात्याची माहिती कोणत्याही सरकारी यंत्रणेला दिली आहे का? दिली असल्यास कोणत्या तारखेला, कोणत्या कलमाखाली, कोणत्या प्रकारची? सांगता येत नसेल तर कोणत्या तरतुदीमुळे, ते कळवावे.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण त्यामुळे नकारालाही कायदेशीर आधार दाखवावा लागतो. गूगल, अ‍ॅपल, मेटा यांचं जाहीर धोरण असं आहे की कायद्याने मनाई नसेल तर वापरकर्त्याला कळवायचं. तसा ईमेल आला तर तो बनावट समजून पुसू नका, पण त्यातल्या दुव्यावरही टिचकी मारू नका. स्वतः खात्यात लॉगिन करून खात्री करा आणि वकिलाला दाखवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खालच्या आदेशाबद्दल मात्र कंपनी काही बोलूच शकत नाही, तशी नियमांतच मनाई आहे.

पायरी ७: तुम्हीच माहिती सांभाळणारे असाल तर

लॉजचं रजिस्टर, दुकानाचा सीसीटीव्ही, रुग्णाचे कागद, ब्रॉडबँड ग्राहकांच्या नोंदी. मागणी येते तेव्हा बहुतेक मालक दोनपैकी एक करतात: तोंडी सांगितल्यावर सगळं देऊन टाकतात, किंवा वकील येईपर्यंत शटर ओढतात. दोन्ही चुकीचं. पुढच्या क्रमाने जा.

पत्र खरं आहे का ते बघा. त्यावर जावक क्रमांक, तारीख, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, अधिकाऱ्याचं नाव, पद, सही आणि शिक्का हवा. ईमेल असेल तर पत्ता महापोलीस डॉट गव्ह डॉट इन किंवा तशाच सरकारी डोमेनवरचा हवा. पत्रावर दिलेल्या मोबाइलवर फोन करून खात्री करू नका. ठाण्याचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा. ‘डिजिटल अरेस्ट’ करणारी, म्हणजे फोनवर पोलीस असल्याचं भासवून पैसे उकळणारी टोळी ग्राहकाला फसवते तशीच दुकानदारालाही बनावट पत्राने फसवू शकते.

मग मागणीची व्याप्ती मोजा. ‘सर्व ग्राहकांची माहिती द्या’ असं आलं तर नम्रपणे लिहा: ‘आपल्या पत्रास सहकार्य करण्यास आम्ही तयार आहोत. संबंधित गुन्ह्यासाठी कोणत्या व्यक्तीची, कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंतची माहिती आवश्यक आहे ते कृपया स्पष्ट करावे.’ हा नकार नाही, आणि समजूतदार अधिकारी त्याला चांगला प्रतिसाद देतात, कारण ढिसाळ मागणीवर गोळा झालेला पुरावा पुढे न्यायालयात त्यांनाच अडचणीत आणतो. आरोग्य, बँक किंवा बायोमेट्रिक अशा संवेदनशील माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत स्पष्ट आहे की यंत्रणेने हेतू लिहून द्यायचा आणि ही माहिती प्रसिद्ध करणार नाही, इतरांना देणार नाही, असंही लिहायचं. दवाखान्यांनी ते वाक्य पत्रात शोधावं.

मागितलं तेवढंच द्या. सीसीटीव्हीची दोन तासांची क्लिप मागितली असेल तर ती क्लिप द्या. पूर्ण डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी) न्यायचा असेल तर पंचनामा आणि पावती घ्या. क्लिपसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश किंमत (फाइल बदलली तर बदलणारा, तिचा जणू ठसा असलेला आकडा) लिहावी लागते. कॅमेरे बसवणारा माणूस ती काढून देऊ शकतो. पेनड्राइव्ह हातात देऊन मोकळे झालात तर उद्या साक्षीला उभं राहिल्यावर ‘ही तीच क्लिप का’ या प्रश्नाला उत्तर राहत नाही.

एक जाड वही ठेवा: पत्र कधी आलं, कुणी आणलं, काय दिलं, कुणी सही केली. आणि जे ठेवायची गरजच नाही ते ठेवू नका.

जोतिबाच्या यात्रेत हरवलेल्या मुलाचा शोध चालू आहे आणि पोलीस दारात उभे आहेत, तेव्हा कागदासाठी अडून बसू नका. फुटेज दाखवा, आणि त्याच दिवशी लेखी पत्र मागून वहीत लावा.

पायरी ८: बोलावणं तुम्हालाच आलं तर

फोनवर बोलावलं तर लेखी नोटीस मागा. साक्षीदार म्हणून असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९, आरोपी किंवा संशयित म्हणून असेल तर साधारणपणे कलम ३५(३). दोन्हींत फार फरक आहे. महिलेला, १५ वर्षांखालच्या मुलाला किंवा ६० वर्षांवरच्या व्यक्तीला साक्षीसाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही; जबाब घरी घ्यावा लागतो. फोन जमा करायला सांगितलं तर जप्तीचा पंचनामा आणि आयएमईआय लिहिलेली पावती घ्या. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, हे संविधानाचं कलम २०(३). पासवर्ड सांगण्याआधी वकिलाशी बोला. वकील परवडत नसेल तर कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दोषारोपपत्र दाखल झालं की आरोपीला त्याच्या प्रती, हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, मिळायला हव्यात. कोणत्या कंपनीने काय दिलं हे बहुतेकांना इथेच पहिल्यांदा कळतं. सीडीआर मागणाऱ्या पत्रावर सही कुणाची, त्याची तारीख आणि कलम ६३ चं प्रमाणपत्र या गोष्टी वकिलाला आवर्जून पाहायला सांगा.

पायरी ९: माहिती चुकीच्या वाटेने गेली असेल तर

कंपनीच्या कर्मचाऱ्याने करार मोडून, कुणाला फायदा किंवा नुकसान व्हावं म्हणून माहिती बाहेर दिली असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२अ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रार सायबर पोलीस ठाण्यात द्या आणि पोचपावती घ्या. तक्रार एखाद्या पोलिसाविरुद्धच असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या.

गावपातळीवर उपयोगी पडणारं आणखी एक साधन माहितीचा अधिकार. वर सांगितलेलं सीडीआरचं मासिक विवरण जिल्हाधिकारी कार्यालयात जायला हवं. तिथे १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, म्हणून थेट विचारा: ‘१ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ या कालावधीत पोलीस अधीक्षक कार्यालयाकडून सीडीआरबाबत प्राप्त झालेल्या मासिक विवरणांची संख्या व त्यांतील एकूण मागण्यांची संख्या द्यावी. कोणत्याही व्यक्तीचे नाव वा क्रमांक अपेक्षित नाही.’ तपासाला बाधा येईल म्हणून नाकारलं तर पहिलं अपील करा आणि केवळ आकड्याने कोणत्या तपासाला बाधा येते ते विचारा. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे जातं.

मूलभूत हक्कावरच घाला आला असेल तर उच्च न्यायालय. नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी एका लाचप्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीच तिथे नव्हतं. अशा याचिकेसाठी आता मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्याकडे आहेत. वकिलाकडे जाताना कंपनीला केलेला अर्ज आणि तिचं उत्तर, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची पोच, माहिती अधिकारातली उत्तरं, गोठवलेल्या खात्याचा उतारा आणि मिळाली असल्यास मूळ मागणीपत्राची प्रत हे सगळं तारखेच्या क्रमाने लावून न्या.